पाण्याला नाही म्हणणारी

"खाली बघू नका, वर बघू नका. समोर बघा, इंजिनेरबाई," बोरू म्हणाला.

समोर खडक होता. नाकापासून वीतभर अंतरावर, ओला, काळा, माणसांच्या खांद्यांनी घासून गुळगुळीत झालेला. पाठीमागंही खडकच. ज्या कपारीवर मी उभी होते ती एवढी अरुंद की टाचा बाहेर लोंबत होत्या. खालून तुमेनं पाण्यानं भरलेला डबा माझ्या हातात दिला, मी तो डोक्यावरून वर उचलला, बोरूनं घेतला, आणि त्याच हातानं रिकामा डबा माझ्याकडं सोडला. तो मी तुमेकडं सोडला. तोवर दुसरा भरलेला आलाच.

आमच्या माणदेशात विहिरीची खोली पुरुषांत मोजतात. आठ पुरुष, दहा पुरुष. इथं ते पुरुष खरोखरच उभे होते, एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचे पाय, आणि मधे आम्ही दोघी बायका. दक्षिण इथिओपियातल्या बोराना गुराख्यांची ती विहीर. त्यांच्या आज्यापणज्यांनी दगडात खोदलेली. वर हौदापर्यंत जनावरं उतरतील असा लांब उतार कापलेला होता, आणि हौदाच्या पुढं आमचा हा सरळ खाली जाणारा अंधार.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. एका संस्थेतर्फे आठ महिन्यांसाठी तिथं गेले होते, तळी खोदायला. सात खोदून झाली होती. आठवं राहिलं होतं.

"पाचव्या जागेचा माणूस तापानं पडलाय," गलगालो सकाळी म्हणाला होता. "त्याचा भाऊ निघालाय. तो येईपर्यंत उभी राहशील?"

गलगालो म्हणजे त्या विहिरीच्या पाळीचा बाप. तिथं या माणसाला असंच म्हणतात. कुठला कळप कुठल्या दिवशी, कुणाच्या मागून पिणार, हे त्याच्या काठीच्या इशाऱ्यावर ठरायचं. प्रत्येक कळपाची पाळी तिसऱ्या दिवशी. सत्तरीचा माणूस. डोळे अर्धे मिटलेले, जणू कायम उन्हाकडं बघत असलेला.

मला हसू आलं होतं. मेंढपाळाची लेक मी, वैजयंता काळेल. लहानपणी आडातून पाणी शेंदून हाताला घट्टे पडलेले. मी चपला काढल्या आणि उतरले.

ते सकाळी. आता दुपार होत आली होती आणि भाऊ आला नव्हता.

"बोरू, तो भाऊ कुठवर आलाय?"

"येतोय."

"हे तुम्ही तीनदा सांगितलंत."

"तिन्ही वेळा तो येतच होता."

खालून तुमे हसली. तुमे पन्नाशीची, रुंद हाडाची, तीन लेकींची आई. आठ महिन्यांत मी त्यांची भाषा कामापुरती शिकले होते, पण तुमेचं बोलणं इतकं भरभर की अर्धं बोरूकडून समजून घ्यावं लागे. बोरू तिथल्या शाळेत मास्तर होता. पाळीच्या दिवशी तो शाळा बंद ठेवायचा, कारण पोरंही गुरांमागं इथंच असायची.

"ती काय म्हणते?"

"म्हणते, वैजा डबा असा धरते जसं काही दुसऱ्याचं तान्हं पोर. मुतेल अशा भीतीनं."

वरून खालपर्यंत सगळी विहीर हसली. हसतानासुद्धा हात थांबले नाहीत. हात थांबतच नव्हते, कारण गाणं थांबत नव्हतं. तळातला माणूस ओळ सुरू करायचा आणि ती डब्याबरोबर एकेका तोंडातून वर चढायची. गाण्यात गायींचीच नावं. लाल कपिला, तिरप्या शिंगांची, वासराला चाटणारी. डबा नेमका ओळीच्या शेवटी पुढच्या हातात पडायचा. ओळ चुकली की डबा चुकायचा.

मला माझ्या आईचं जातं आठवलं. तिचंही असंच. खुंटा फिरायचा तो ओवीवर.

विहिरीच्या पायऱ्या मी मोजीत उतरले,
पाण्यानं बाई मला माहेर इचारले.

वर मोटारीचा भोंगा वाजला. लांबलचक, रागावलेला.

"इंजिनेर!" तेस्फायेचा आवाज उतारावरून घरंगळत आला. "बाई! कागद घेऊन आलोय!"

तेस्फाये माती उकरणाऱ्या मशिनीचा माणूस. त्याचं ते पिवळं धूड इथून दिवसभराच्या चालीवर, मोठ्या कुरणात उभं होतं, मी रोवलेल्या लाल चिंध्यांच्या खुणांजवळ. आठवं तळं तिथं व्हायचं होतं. जागा मी स्वतः निवडली होती. चिकण माती, चहूबाजूंनी हलका उतार, पाणी आपसूक येऊन बसेल असा खोलगट. नकाशावर ती पहिल्यांदा सापडली तेव्हा मी टाळी वाजवली होती. एवढं छातीइतकं गवत आणि आसपास पाण्याचा थेंब नाही! वर्षातले कितीतरी महिने ते गवत नुसतं वाऱ्यावर डोलत असायचं. वाया. मी अहवालात तो शब्द लिहिला होता.

काम सुरू करायच्या कागदावर माझी सही हवी होती. सही सूर्य बुडायच्या आत झाली नाही तर मशीन दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होतं, आणि परत कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बोरू, मला वर जायला पाहिजे. सही करून लगेच येते."

"लाल कळप उतरलाय," बोरू म्हणाला.

त्याचा अर्थ मला कळायला वेळ लागला नाही. वर उतारावर खुरांचा आवाज भरून आला, धूळ भोकातून खाली यायला लागली आणि एकाच वेळी दोनशे गायी हंबरल्या. तीन दिवसांच्या तहानेची गाय पाण्याचा वास आला की कुणाची नसते. हौद रिकामा दिसला तर मागच्या गायी पुढच्यांना लोटतात, हौदाची ओली मातीची भिंत फुटते आणि त्यापुढं हे भोक असतं. मागं एकदा एक गाय पडली होती, बोरूनं सांगितलं. खाली कोण उभं होतं तेही सांगितलं.

मी डबा घेतला. दिला. घेतला. दिला.

"इंजिनेर! ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं. उत्तर द्यायला श्वास उरला नव्हता. दंड जळत होते. पाण्याचे ओघळ कोपरावरून काखेत आणि तिथून पाठीवर. एकदा पाऊल सरकलं आणि टाच हवेत गेली, तेव्हा तुमेनं खालून नुसतं डोकं वर करून माझा तळवा पेलला. दोन ओळी मी तिच्या डोक्यावर उभी होते. तिनं गाणं सोडलं नाही.

"तुमच्या गायी आहेत का यात?" मी तिला विचारलं, काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"माझ्या काल पिऊन गेल्या. पाच आहेत. दोन गाभण."

"आता तळं झालं की तुम्हाला इथं यावं लागणार नाही. कुरणातच पाणी मिळेल."

 गाण्याची एक ओळ माझ्यापाशी येऊन जरा अडखळली.

"काय झालं?"

"काही नाही," बोरू म्हणाला. "डबा घ्या."

"मी काही चुकीचं बोलले का?"

तुमेनं भरभर काहीतरी सांगितलं. बोरूनं नुसतं "हं" केलं.

"बोरू. काय म्हणाली?"

"ती मागच्या दुष्काळाचं सांगते. तेव्हा तिच्या अकरा गायी होत्या. इकडचं सगळं गवत संपलं तेव्हा पाळीच्या बापानं मोठं कुरण उघडलं. फक्त गाभण्या, दुभत्या आणि वासरांसाठी. एक दिवस तिकडं चालत जायचं, एक दिवस चरायचं, तिसऱ्या दिवशी विहिरीवर परत. हाडं वाजत होती गायींची, पण पाच राहिल्या."

"मग तिथंच पाणी असतं तर अकराच्या अकरा राहिल्या असत्या!"

यावर वरून खालपर्यंत कुणीच हसलं नाही.

"इंजिनेरबाई," बोरू मास्तरी आवाजात म्हणाला. "त्या कुरणाला कुंपण पाहिलंत?"

"नाही."

"राखणदार?"

"नाही."

"मग तिथं गवत कसं काय उरतं?"

डबा माझ्या हातात होता. मी तो वर दिला नाही. बोरूचा रिकामा हात माझ्या डोक्यावर तसाच लोंबत राहिला, आणि वर हौदापाशी कुणीतरी ओरडलं.

"डबा! वैजा, डबा!"

मी दिला. पण आता मला सगळं दिसायला लागलं होतं, एखाद्या नकाशावर शाई पसरत जावी तसं. तिथं पाणी नव्हतं म्हणून तिथं कुणी राहत नव्हतं. तहान त्या गवताची राखण करत होती. मी तळं बांधलं की पावसाळ्यातच माणसं तिथं झोपड्या टाकणार. त्यांच्या गायी, मग त्यांच्या पाहुण्यांच्या, मग शंभर कोसांवरून आलेल्यांच्या. गवत बी धरायच्या आत जाणार, तळ्याभोवतीची माती खुरांनी पीठ होणार, आणि खरा दुष्काळ येईल तेव्हा उघडायला कुरणच नसेल. तुमेच्या दोन गाभण्या कुठं जातील मग?

आणि तिथं, पाच पुरुष खोल, मला आमचा पूर्वेचा माळ आठवला. मी नऊ वर्षांची असताना त्या माळावर पाझर तलाव झाला होता. पुढाऱ्यानं नारळ फोडला, मी खोबऱ्याचा तुकडा खाल्ला. पाणी बघायला अख्खं गाव लोटलं. पुढच्या वर्षी गावोगावची जनावरं तिथं तळ देऊन बसली. तिसऱ्या वर्षी माझ्या बापानं मेंढरं विकली. लोक म्हणाले, माळाला दृष्ट लागली. तलाव आणि मेंढरं या दोन गोष्टी मी आयुष्यात कधी शेजारीशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. उलट पाण्याचं शिक्षण घेतलं ते त्या तलावापायी.

"पण तुम्ही बैठकीत हो म्हणालात!" मी जवळजवळ ओरडले. "सगळे होतात. गलगालो होता, तुम्ही होतात, ही तुमे होती. मी एकेकाला विचारलं!"

"काय विचारलंत?"

"कुरणात पाणी हवं का, म्हणून."

"मग?"

"मग काय? नको म्हणायचं होतं!"

तुमेनं जिभेनं च्च् केलं आणि घाईघाईनं डब्यातलं थोडं पाणी खडकावर शिंपडलं.

"विहिरीत उभं राहून तो शब्द काढू नका," बोरू हळू म्हणाला. "पाण्यापुढं तो आम्ही काढतच नाही. लग्नात नाही, भांडणात नाही. पाणी हवं का विचारल्यावर आमच्याकडं एकच उत्तर आहे. तुम्ही दुसरं उत्तर असेल असा प्रश्न विचारलाच नाहीत."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या घरी रांजण कोरडा पडला तरी आई 'पाणी संपलं' म्हणायची नाही. 'रांजण भराय झालाय' म्हणायची. दारात आलेल्या पाहुण्यानं तहान नसली तरी तांब्या ओठाला लावायचा. एकदा शिकून आल्यावर मी 'नको मला पाणी' म्हणाले, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. हे सगळं मला ठाऊक होतं. मी वही घेऊन त्यांच्यापुढं बसले तेव्हाही ठाऊक होतं.

"मग आता सांगा ना. वर जाऊन तेस्फायेला सांगा."

"कोण सांगणार?"

"तुम्ही. गलगालो. कुणीही."

उत्तरादाखल डबा आला.

आणखी एक कळप उतरला. मग आणखी एक. भोंगा वाजत होता, मधेच थांबत होता. वरचा उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला. आता मला वर जायची घाई होती आणि वर जायची भीतीही वाटत होती. सही केली तर कुरण जाणार. नाही केली तर ज्यांच्यासाठी नाही म्हणायचं तेच माझ्या बाजूनं तोंड उघडणार नव्हते. समोर खडक, मागं खडक. मी कपाळ खडकाला टेकलं. तो गार होता.

शेवटचा डबा गेला आणि गाणं वरच्या टोकाला जाऊन संपलं, तेव्हा माझे हात आपोआप आणखी दोनदा वर उठले. तुमेनं माझी पोटरी थोपटली. चढ, म्हणाली.

उतारावर उजेडात आले तेव्हा डोळ्यांपुढं काही वेळ नुसतं तांबडं दिसत होतं. मग बाभळीखाली बसलेली म्हातारी माणसं दिसली. मधे गलगालो. आणि त्याच्या शेजारी, गालात तंबाखू धरून अगदी ठणठणीत, पाचव्या जागेचा तो तापानं पडलेला माणूस. मला बघून त्यानं मान खाली घातली. गलगालोनं घातली नाही. तो अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत राहिला.

तेस्फाये कागद फडकवत आला. "पाच तास! बाई, मी पाच तास भोंगा वाजवतोय. करा सही. ही मंडळी साक्षीला आहेतच. यांच्या देखत एकदा विचारून घेऊ. काय हो, कुरणात पाणी हवं ना?"

"पाणी चांगलं," गलगालो म्हणाला.

"पाणी चांगलं," बाभळीखालचे सगळे म्हणाले.

तेस्फायेनं पेन पुढं केलं. माझी बोटं वाकडीच राहिली होती, डबा धरल्यासारखी.

"बोरू," मी म्हणाले, "यांना सांगा, मी ते तळं खोदणार नाही. तिथं पाणी..."

बोरू जमिनीकडं बघत होता. अख्ख्या मुलखात ज्याच्या तोंडाला खीळ नव्हती तो मास्तर गप्प उभा होता. तेव्हा मला कळलं की हे वाक्य कुणी माझ्यासाठी भाषांतर करून देणार नाही. म्हणूनच मला दिवसभर खाली ठेवलं होतं. त्या खडकात मला जे दिसलं ते दिसावं म्हणून, आणि वर आल्यावर ते मीच बोलावं म्हणून. एक मीच तिथं बाहेरची होते.

पण ती बंदी माझ्याही तोंडाला होती हे त्यांना कुठं माहीत होतं?

पाण्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मी पहिल्या दिवशी शिकले होते. नकोला काय म्हणतात तेही. हे दोन शब्द एका ओळीत कधी ठेवले नव्हते. मी तोंड उघडलं. आईचा हात ओठांवर आला, पिठाच्या वासाचा. मी तो बाजूला केला.

"कुरणात पाणी नको," मी त्यांच्या भाषेत म्हणाले.

बाभळीखाली कुणीतरी श्वास आत ओढला. तेस्फायेनं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग त्यानं कागदाच्या खालच्या रकान्यात माझ्याच हातानं लिहून घेतलं की लोकांना तळं हवं आहे पण इंजिनेरनं काम नाकारलं. ते खरंच होतं. मी सही केली.

गलगालो काठीवर भार देऊन उठला. मला वाटलं, आता तो हात वर करून आशीर्वाद देईल.

"ऐकलंत सगळ्यांनी," तो म्हणाला. "ही बाई पाण्याला नको म्हणाली."

आणि तो मला बोलायला लागला. केवढा वेळ! माझ्या जिभेबद्दल बोलला, ज्या गावानं मला वाढवलं त्याबद्दल बोलला, माझ्या मागं उजाड होणाऱ्या वाटेबद्दल बोलला. एकेक म्हातारा उठून त्यात भर घालत गेला. तो तापाचा माणूसही बोलला. मी ओल्या कपड्यांत मधोमध उभी. पळायला जागा नव्हती. खाली विहिरीत तरी गाणं होतं.

तुमे गर्दीतून आली. तिनं खांद्यानं मला असा धक्का दिला की मी पडलेच असते, मोठ्यांदा काहीतरी घाण शिवी दिली, आणि भरलेला डबा माझ्या तोंडाशी धरला.

"पी, मेले."

मी प्यायले. डबा उलटा होईपर्यंत प्यायले. सगळे टक लावून बघत होते. शेवटचा घोट गेला तसे ते एकेक करून उठले, गायींना हाका मारत निघून गेले. कुणी मागं वळून बघितलं नाही.

संस्थेनं महिन्याच्या आत मला परत पाठवलं. लोकांची मागणी डावलली, असा शेरा होता. तसला शेरा घेऊन पाण्याच्या कामावर पुन्हा कुणी घेतलं नाही. आता फलटणात दोन खोल्यांत राहते, शेतीशाळेत माती तपासायला शिकवते. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "किती तळी खांदलीस गं, बाय?" मी म्हणाले, सात. ती समाधानानं वारली. आठव्याचं मी तिला कधी सांगितलं नाही.

बोरूचं पत्र तीन वर्षांनी आलं. तिकडं दोन पावसाळे कोरडे गेले होते. गलगालोनं मोठं कुरण उघडलं होतं. पुढं मास्तरांनी लिहिलं होतं: लोक अजून तुम्हाला नावं ठेवतात. कार्यालयाची माणसं आली की सगळ्यात आधी तुमचीच तक्रार सांगतात. विहिरीच्या गाण्यात तुमेनं तुमच्यावर शिव्यांच्या दोन ओळी घातल्या आहेत. पाचव्या जागेपाशी डबा आला की सगळे त्या जोरानं म्हणतात. मी जमेल तशा लिहून पाठवतो.

लाल गाय उभी आहे, काळी गाय उभी आहे,
पाण्याला नाही म्हणणारी ती मेली कुठं आहे?

सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा कळशी भरताना त्या ओळी माझ्या तोंडात येतात. दुसरी ओळ संपते आणि कळशी हातात जड होते, नेमकी तेव्हाच.

"हाय की," मी भिंतीला सांगते. "हितंच हाय."